दोनशे लिटरचं लग्न

ज्या लग्नात कचरा करायचा नाही असं ठरतं, त्या लग्नात किस्से फार साचतात! एरवीच्या लग्नात कोण काय बोललं हे डीजेच्या आवाजात कोणाला ऐकूच येत नाही. आमच्याकडे डीजे नव्हता. त्यामुळे प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य सगळ्या मांडवाने ऐकलं, आणि आता कुठल्याही नातेवाइकाकडे गेलं की चहाच्या कपाबरोबर त्यातला एखादा किस्सा येतोच.

तीन महिने झाले. आता मीही त्यांच्याबरोबर हसते. तेव्हा हसू येत नव्हतं. तेव्हा मला रात्रंदिवस एकच वस्तू दिसायची, मोठ्या बाबांच्या अंगणातला निळा ड्रम.

तर ड्रमपासूनच सांगते.

*

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. उभं आयुष्य कोर्टात क्लार्की करण्यात गेलं, त्यामुळे घरातला कुठलाही विषय त्यांच्यासमोर ‘दाखल’ करावा लागतो. मी एन्व्हायर्न्मेंटल सायन्समध्ये एमएस्सी केलं. मोठे बाबा त्याला ‘कचऱ्याची एमएस्सी’ म्हणतात.

माझं प्रतीकशी ठरलं आणि त्याच रविवारी मोठ्या बाबांच्या अंगणात बैठक बसली. प्रतीक मौद्याकडचा, मोठं वीज केंद्र आहे तिथला. घरी शेती, नोकरी नागपुरात. आमचं आणि मोठ्या बाबांचं घर मानेवाड्यात एकाच गल्लीत, दोन टोकांना. मी बसल्या बसल्या यादी वाचली. प्लास्टिकचे ग्लास नाहीत, थर्माकोल नाही, पाण्याचे पाऊच नाहीत, फटाके नाहीत, डीजे नाही.

“मंग लोकं येतीन काहून?” मोठ्या बाबांनी विचारलं.

मी खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीत कूलर होता. हिवाळ्यात कूलर काढून ठेवायचा कंटाळा, म्हणून आमच्या नागपुरात त्याला कशाने तरी झाकून टाकतात. मोठ्या बाबांच्या कूलरवर बबलूदादाच्या लग्नाचा फ्लेक्स होता. बबलूदादा म्हणजे त्यांचा मुलगा. लग्नाला सहा वर्षं झालेली. उन्हाने दादाचा चेहरा निळा पडला होता आणि वहिनीची तर फक्त नथ उरली होती.

“बघा! सहा वर्षं झाली, अजून कुजला नाही!” मी म्हटलं.

“मंग चांगलं होय न! ह्याच्यापेक्षा टिकाऊ आपल्या घरात दुसरं काय हाय?”

माझे बाबा नेहमी शेवटी बोलणाऱ्याच्या बाजूचे असतात. ते म्हणाले, “हे पण खरं हाय.”

मग मी चिडले, आई मध्ये पडली, चहा दोनदा झाला. मोठ्या बाबांना रिसेप्शन हवं होतं. वर्धा रोडचं लॉन, दीड हजार माणसं, आतषबाजी, आणि नवरा-नवरीची धुरातून एंट्री. लॉनवाल्याकडे त्यांनी शब्दही टाकून ठेवला होता! मी म्हटलं, माझ्या अख्ख्या लग्नाचा कचरा एका ड्रममध्ये मावेल. ते म्हणाले, ड्रममध्ये तर एका पंगतीचे पाऊच मावत नाहीत. शेवटी त्यांनी कागद मागवला आणि स्वतःच्या हाताने अट लिहिली.

‘मयूरीच्या लग्नाचा कचरा, म्हणजे जे गाय खात नाही व माती खात नाही असे सर्व, दोनशे लिटरच्या एका ड्रममध्ये मावला पाहिजे व झाकण बसले पाहिजे. बसल्यास रिसेप्शन होणार नाही. न बसल्यास आठ दिवसांनी लॉनवर मोठ्या बाबांच्या मर्जीप्रमाणे रिसेप्शन होईल व मयूरी तोंड पाडणार नाही.’

खाली दोघांच्या सह्या. साक्षीदार बाबा.

कागद घडी होऊन मोठ्या बाबांच्या खिशात गेला, तेवढ्यात आतून मोठी आई ओरडली, “तो माहा पाण्याचा ड्रम होय! मले कोणी इचारलं काय?”

कोणी विचारलं नव्हतं.

*

पत्रिका मी बियांच्या कागदावर छापून घेतल्या. जाड, खडबडीत कागद, आत झेंडूचं बी. खाली ओळ होती, ‘ही पत्रिका मातीत पेरा व पाणी घाला.’

कामठीच्या मावशीकडे बारा पत्रिका पाठवल्या. एक तिची, बाकीच्या तिने गल्लीत वाटायच्या. लग्नाच्या आठ दिवस आधी तिचा आईला फोन.

“अवं, तुह्या पोरीची पत्रिका उगवली! दोन-दोन पानं आली!”

आई खूश. “बरं झालं ताई! मंग कधी येऊन राहिली तू?”

“तेच इचाराले फोन केला न! बी उगवलं, पण तारीख काही उगवली नाही!”

पत्रिका हातात पडल्या दिवशीच तिने पेरली होती. एवढंच नाही, गल्लीत वाटताना प्रत्येकीला बजावलं होतं, “पोट्टी भल्ली शिकलेली हाय, जसं लिहिलं तसंच करा.” बारापैकी दहा पत्रिका कामठीच्या मातीत गेल्या. मी दहा घरी फोन करून तारीख, वेळ आणि पत्ता सांगितला. दोघींनी तर मलाच विचारलं, “खत कोणतं टाकाव?”

*

पत्रावळ्या मला पळसाच्या हव्या होत्या. मशीनवर दाबलेल्या नाहीत, हाताने काड्या टोचलेल्या. पारशिवनीच्या पुढे एका खेड्यात सुमनबाई नावाच्या एक बाई त्या लावतात, असं प्रतीकच्या मित्राने सांगितलं. आम्ही दोघं बाइकवर गेलो.

सुमनबाई दारासमोर पानांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सुरू झाले. प्लास्टिक मातीत किती वर्षं राहतं, नदीत कसं जातं, गायीच्या पोटात कसं जातं, आपल्या पिढीची जबाबदारी काय... पंधरा मिनिटं! प्रतीक बाइकच्या आरशात बघून केस नीट करत होता. तेवढ्या वेळात सुमनबाईंच्या सात पत्रावळ्या लावून झाल्या.

मी श्वास घ्यायला थांबले. त्यांनी दातातली काडी काढली. “म्हणजे बाई, तुले पत्रावळी पाहिजे काय?”

“हो.”

“मंग तसं म्हण न! मले वाटलं, मत मागाले आली.”

सहाशे पत्रावळ्या आणि तेवढेच द्रोण सांगितले. निघता निघता मी म्हटलं, “मावशी, नीट पॅक करून पाठवा हं. एकही फाटायला नको.”

लग्नाच्या पाच दिवस आधी टेम्पोतून गठ्ठे आले. मोठ्या बाबांच्या अंगणात उतरवले. एकेक गठ्ठा चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, वरून टेपचे चार-चार वेढे! मी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

“सुमनमावशी! प्लास्टिक काहून लावलं?”

“तूच सांगतलं न बाई, नीट पॅक कर म्हणून! आमी तर सुतळीनं बांधत असतो. हे खास भावाले पारशिवनीले पाठवून बोलावलं तुह्यासाठी!”

सुमनबाईंना प्लास्टिक विकत घ्यायला लावणारी मीच!

मोठे बाबा बाजूला उभं राहून सगळं ऐकत होते. त्यांनी एकेक गठ्ठा स्वतः सोडवला, सगळं प्लास्टिक कवेत घेऊन ड्रमपाशी गेले, आत टाकलं आणि ड्रमला हात जोडले.

“घ्या! बोहणी झाली!”

*

हा किस्सा आईचा आहे. तिने कोणाला सांगू नको म्हटलं होतं, म्हणून लिहिते आहे.

पत्रिकेवर आम्ही छापलं होतं, ‘आहेर आणू नये.’ आईला ते अर्धंच पटलं. “आणू नये ते ठीक हाय. पण आपल्याले द्याव तर लागन न!” तिची ब्लाउज पीसची पेटी उघडली. लग्नात बायकांच्या ओट्या भरायच्या, ओटीत ब्लाउज पीस द्यायचा. कोणी तो शिवत नाही. तो पुढच्या लग्नात जातो. मी म्हटलं, “आई, ह्यापेक्षा रोप देऊ.”

“ओटीत रोप घालू? मातीसकट? शालूवर?”

मी रागाने पेटीतले पीस उपसायला लागले, तर एका पिसाच्या कोपऱ्यात पेनाचे ठिपके दिसले. निळे, बारीक, ओळीने. सात! पिसाचा रंग कच्च्या वांग्यासारखा, वर सोनेरी कोयऱ्या.

“हे काय आहे?”

आईने दार लोटून घेतलं. “घरातून गेला की मी एक ठिपका देतो. परत आला की ओळखू येते.”

“म्हणजे हा सात वेळा जाऊन सात वेळा परत आला?”

“रंगच तसा हाय न त्याचा.”

मी पिसाला मनातल्या मनात नमस्कार केला. माझ्या अख्ख्या एमएस्सीत इतकी उत्तम रीसायकलिंगची केस मी पाहिली नव्हती! आईने आठवा ठिपका दिला आणि तो लांबच्या नात्यात जाईल म्हणून वेगळा ठेवला. पण लग्नाच्या गडबडीत तो कोणाच्या ओटीत गेला, तर थेट माझ्या सासूबाईंच्या! आईला दुसऱ्या दिवशी कळलं. ती दोन दिवस धड जेवली नाही. “विहीणबाई काय म्हणतीन? पोट्टीले आयुष्यभर टोमणे!”

महिन्याभराने मी माहेरी यायला निघाले, तेव्हा सासूबाईंनी माझी ओटी भरली. घरी येऊन आईने ओटी सोडली. कच्चं वांगं, सोनेरी कोयऱ्या. कोपऱ्यात आठ निळे ठिपके, आणि त्यांच्या शेजारी एक हिरवा!

आईने पीस डोळ्यांशी नेला, परत पाहिला, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पोटभर हसली.

“चांगल्या घरी पडली वं माही पोरगी!”

*

मांडव आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, मोकळ्या प्लॉटवर होता. बांबू, जांभळाच्या डहाळ्या आणि झेंडू. गेटला दोन्ही बाजूंना केळीचे खांब आणि वर उसाची कमान. पहाटे उठून आम्ही भावंडांनी बांधली. थर्माकोलचा एक तुकडा नाही. मी आंघोळीला गेले.

परत आले तर दूधवाल्यांची गाय गेटची डावी बाजू खात होती. केळ संपवून ती उसावर आली होती!

मी केसांना टॉवेल गुंडाळलेला, तशीच झाडू घेऊन धावले. मोठे बाबा प्लॉटवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी हात वर केला. “थांब! खाऊ दे तिले!”

“अहो मोठे बाबा, गेट!”

त्यांनी खिशावर थाप मारली. “कागदात काय लिहिलं हाय? गाय जे खाते ते कचऱ्यात नाही. तिनं तर तुह्यं काम सुरू केलं न!”

माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंमध्ये गेटची एकच बाजू आहे. फोटोग्राफरने फार मेहनत घेतली. पण दोन फोटोंत गाय आलीच.

*

वरात ई-रिक्षांची होती. सात ई-रिक्षा, झेंडूच्या माळा लावलेल्या. घोडा मीच नको म्हटला होता, डांबरी रस्त्यावर त्याचे हाल होतात. प्रतीकने मारोतीच्या देवळात पाया पडून निघायचं आणि वीस मिनिटांत मांडवात यायचं. मुहूर्त सकाळी साडेअकराचा.

डीजे नाही म्हटल्यावर प्रतीकचे मित्र गप्प बसले. मी समजले, ऐकलं बिचाऱ्यांनी! त्यांनी एक स्पीकर आणला आणि नवरदेवाच्याच रिक्षाच्या बॅटरीला जोडला. देवळासमोर अर्धा तास नाचले. मग चौकाअलीकडच्या चढावर नवरदेवाची रिक्षा जी थांबली, ती थांबलीच.

इकडे मांडवात रिक्षा थांबल्याचा फोन आला होता आणि भटजी घड्याळ बघून राहिले होते. माझे बाबा घामाघूम. मी आत मुंडावळ्या बांधून बसलेली, आणि बायका माझ्याकडे बघत होत्या, जणू रिक्षा मीच थांबवली. मोठी आई तर म्हणालीच, “घोडा असता तर थांबला नसता.”

शेवटी गेटपाशी गलका झाला. प्रतीकचं बाशिंग एका कानावर आलेलं, शेरवानीच्या बाह्या वर केलेल्या, आणि तो चार मित्रांबरोबर स्वतःचीच रिक्षा ढकलत येत होता! पुढे माझे सासरे फेटा सांभाळत चालत होते.

मोठे बाबा स्वागताला गेटवर उभे. “काय झालं गा? पंक्चर?”

“नाही न,” सासरे म्हणाले. “चार्जिंग संपली.”

“कमाल करता राव! तुमी मौद्याचे न? सगळ्या जगाले तुमच्याकडून लाइट जाते, अन् तुमी चार्जिंग न करता आले?”

मुहूर्ताला चार मिनिटं बाकी होती. बाकी काही नाही, पण चार मिनिटं पुरतात एवढं मला कळलं. मंगलाष्टकांत माझा सगळा वेळ हात जोडून ‘सुटले रे देवा’ म्हणण्यात गेला.

*

पंगतीचं आधी थोडं सांगायला हवं. आदल्या संध्याकाळी मोठे बाबा पत्रावळ्यांपाशी आले. एक उचलली, वाकवली. टक्क! मोडली.

“कडक झाल्या. उद्या वरण पानात राहणार नाही, मांडीवर जाईन.”

सहाशे पत्रावळ्या! त्यांनी पोती ओली करायला लावली, पत्रावळ्यांवर पाणी शिंपडलं, गठ्ठे पोत्यांखाली झाकले. सकाळी पानं कापडासारखी मऊ.

“एमएस्सीत हे नाही शिकवत काय?” एवढंच विचारलं. नाही शिकवत.

तर लग्नाच्या दिवशी पहिली पंगत बसली. वरण-भात, वांग्याची भाजी, पाटवडीचा रस्सा, बुंदी, मठ्ठा. प्यायला रांजणातलं गार पाणी आणि स्टीलचे ग्लास. ‘पानात टाकू नका’ असा मी रंगवलेला बोर्ड. मोठे बाबा हाताची घडी घालून बाजूला उभे होते. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, “मी काही खाली बसून वाढणं-बिढणं करणार नाही. ते जमाने गेले.”

माझी चुलत-मावस भावंडं वाढायला निघाली. एकाने भाताआधी मठ्ठा दिला. दुसरी मीठ विसरली. तिसरा उलट्या टोकापासून बुंदी घेऊन आला. मोठ्या बाबांनी तीन मिनिटं पाहिलं. मग सहन झालं नाही. पॅन्ट घोट्याच्या वर दुमडली, बुंदीची बादली हिसकावली आणि पंगतीत शिरले!

मग काय! “घ्या न पाहुणे!” “एवढंसं? नवरदेवाकडचे न तुमी?” सासऱ्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले, तर मोठ्या बाबांनी बोटांच्या फटीतून बुंदी सोडली. मी बोर्डाखाली उभी. सासऱ्यांनी बुंदीकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने खायला लागले. शेजारी बसलेल्या सासूबाईंना हळूच म्हणाले, “आपण सून नेऊन राहिलो का इन्स्पेक्टर?”

शेवटच्या पंगतीला मोठे बाबा स्वतः बसले. मांडी घालून, किती वर्षांनी कोण जाणे. बादली मी घेतली.

“घ्या न मोठे बाबा!” एक झारा. “एवढंसं? नवरीकडचे न तुम्ही?” दुसरा. तिसरा बोटांच्या फटीतून.

“बदला घेऊन राहिली काय वं?”

मी नुसतं बोर्डाकडे बोट दाखवलं. त्यांनी पॅन्टचं बटण काढलं आणि शेवटच्या कणापर्यंत बुंदी संपवली. पान स्वतःकडे दुमडून उठले. हात धुताना मला विचारलं, “पत्रावळी उरल्या काय?”

“शंभरेक आहेत.”

“राहू दे घरी,” म्हणाले. कशाला, ते सांगितलं नाही.

*

आता ड्रम.

संध्याकाळ व्हायला आली. बिदाईची वेळ. वऱ्हाडी चार्ज झालेल्या रिक्षांमध्ये बसलेले, प्रतीक पुढच्या रिक्षात. आणि मी हिरव्या शालूत, मुंडावळ्या कानामागे टाकून, मोठ्या बाबांच्या अंगणातून प्लॉटवर आणलेल्या ड्रमपाशी उभी!

“कायची वाट पाहून राहिलो आपण?” सासऱ्यांनी विचारलं.

“कचऱ्याची,” प्रतीक म्हणाला.

पत्रावळ्या आणि उष्टं प्लॉटच्या कोपऱ्यात खणलेल्या खड्ड्यात गेलं होतं. केळ, ऊस, डहाळ्यांचं गायीने आणि तिच्या मैत्रिणींनी पाहून घेतलं होतं. राहिलेलं सगळं ड्रममध्ये. सुमनबाईंचं प्लास्टिक. टेप. मित्रांनी लपवून खाल्लेल्या चिप्सची पाकिटं. ‘आहेर आणू नये’ वाचूनही आणलेल्या भेटींचे चमकी कागद. मोठ्या बाबांच्या एका मित्राने सोबत आणलेली पाण्याची बाटली, जी त्यांनी रांजणाचं पाणी चाखल्यावर न उघडताच सोडून दिली. ती आम्ही पाणी झाडाला घालून चपटी केली. गोळ्यांची रिकामी पाकिटं. एक तुटकी चप्पल, जिचा मालक शेवटपर्यंत सापडला नाही.

ड्रम काठोकाठ भरला. झाकण ठेवलं. दोन बोटं वर राहिलं.

मोठे बाबा बघत होते. मी बघत होते. सगळा मांडव बघत होता. आणि माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात कधी एका बाजूने वजन टाकलं नाही, ते पुढे आले आणि झाकणावर बसले!

खट्ट!

बसलं झाकण! बहिणींनी टाळ्या वाजवल्या. प्रतीकने रिक्षाचा हॉर्न दाबला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.

तेवढ्यात कामठीची मावशी म्हणाली, “अन् तो चौकातला मोठा फोटो? तो नाही टाकत काय ह्याच्यात?”

“कोणता फोटो?”

मी तीन दिवस चौकात गेलेच नव्हते. मेंदी, हळद, गेट. सगळ्यांनी पाहिला होता, मला कोणी सांगितलं नव्हतं. बारा फुटी फ्लेक्स! हात जोडलेले मोठे बाबा, माणसापेक्षा मोठे, ‘सुस्वागतम्’, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं आणि प्रतीकचं नाव.

“पाहुणे रस्ता चुकते, म्हणून लावला,” मोठे बाबा म्हणाले. पण जमिनीकडे बघत.

“म्हणजे तुम्हीच लावायचा आणि तुम्हीच जिंकायचं? कोर्टात चालतं काय हे?” माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. “गाय खाते का तो? माती खाते का?”

बबलूदादाने फ्लेक्स उतरवून आणला. चार घड्या केल्या, आठ केल्या. बाबा झाकणावरून उठले. फ्लेक्स कोंबला, झाकण ठेवलं, बाबा परत बसले. वीतभर वर! दादाही बसला. तरी वर.

आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ दे. एका दिवसाचं तर रिसेप्शन हाय. तोंड नको पाडू, लिहून देलं हाय तू.”

मोठ्या बाबांनी खिशातून कागद काढला. चष्मा लावला. एकदा वाचला. परत पहिल्यापासून वाचला. मग ड्रममधून फ्लेक्स बाहेर ओढला, काखेत मारला आणि घराकडे चालायला लागले.

बाबांनी परत झाकणावर बसून पाहिलं. खट्ट! पण त्याला आता काय अर्थ? फ्लेक्स तर बाहेरच होता. मला वाटलं, हे लॉनवाल्याला फोन करायला गेले. मी शालू वर धरला आणि मागे धावले. माझ्यामागे प्रतीक, त्याच्यामागे सासरे, आणि सगळ्यांत मागे दोन ई-रिक्षा.

मोठे बाबा खिडकीबाहेर स्टुलावर उभे होते. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, तोंडात सुतळी. कूलरवरचा बबलूदादाचा फ्लेक्स काढून त्यांनी खाली टाकला होता आणि त्या जागी नवा बांधून राहिले होते.

“नाही गा,” ते सुतळी काढून फोनवर म्हणाले. “लॉन नाही पाहिजे. ... हाव, झालं लग्न. ... जेवण? जेवण भल्लं चांगलं झालं.”

फोन खिशात गेला. शेवटची गाठ मारली. खिडकीतून हात जोडलेले मोठे बाबा आमचं सगळ्यांचं स्वागत करत होते.

“कचरा कुठं हाय?” ते मला म्हणाले. “हे तर कव्हर होय.”

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी गप्प बसले असते, तर हे लग्न असं झालंच नसतं. जमिनीवर दादाचा निळा चेहरा आणि वहिनीची नथ पडली होती.

“आणि हा? हा तर आता कचराच झाला न, मोठे बाबा!”

त्यांनी स्टुलावरूनच कागद काढून माझ्या हातात दिला.

“वाच. ‘मयूरीच्या लग्नाचा कचरा’ लिहिलं हाय. हा बबलूच्या लग्नाचा होय.”